मुळी, पारा आणि पन्नास रोगी

आमच्या पिंगळीत रक्तदाब हा शब्द फार उशिरा आला. अण्णांना पहिल्यांदा परभणीला दाखवले तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. महिन्याभरात डोके हलके झाले आणि अण्णांनी गोळ्या बंद केल्या. काही दुखत नाही, खुपत नाही, मग औषध कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. पुढच्या उन्हाळ्यात एका पहाटे त्यांच्या अंगावरून वारे गेले. त्यांच्या उशाशी बसून या मुक्या रोगाविषयी मिळेल ते मी वाचत गेलो आणि मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांची गाठ पडली.

वकील १९११ साली जन्मले. पारशी घर, इंग्लंडमधले शिक्षण आणि परत येऊन परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोग्यांची सेवा. तो काळ डॉक्टरांच्या हतबलतेचा होता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने गेले. वाढता रक्तदाब त्यांच्या डॉक्टरांना दिसत होता, पण तो उतरवणारे खात्रीचे औषध जगात कुणाकडेच नव्हते.

आपल्याकडे मात्र सर्पगंधेची मुळी होती. झोपेसाठी, वेड्याच्या उपचारासाठी वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या देत. तिने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ सालीच लिहिले होते. म्हणजे वकिलांनी मुळी शोधली नाही. त्यांनी ती पाऱ्यासमोर उभी केली. उच्च रक्तदाबाचे ५० रोगी घेतले, मुळीच्या गोळ्या दिल्या, आधीचे आणि नंतरचे आकडे आठवड्यांमागून आठवडे टिपले. रोग्याला बरे वाटते, एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तो लेख आला आणि ऐकीव गुणाला पुराव्याचे बळ मिळाले.

पुढे बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी ते औषध अमेरिकेत वापरून पाहिले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपीन वेगळे काढले गेले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. औषधाला दुसरी बाजूही होती. मोठ्या मात्रेने काहींना खिन्नता ग्रासू लागली. पुढे त्याहून सोयीच्या गोळ्या आल्या आणि रेसरपीन मागे पडले. १९७४ साली वकीलही गेले.

औषध मागे पडले, रीत मात्र राहिली. हृदयरोगतज्ज्ञ आजही प्रथम मोजतो, औषध देतो, पुन्हा मोजतो, मात्रा कमीजास्त करतो. दाब आटोक्यात राहिला तर हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांच्यावरचा घाला बऱ्याच अंशी टळतो. पण त्यासाठी रोग्याने परत यावे लागते. आकडा खाली आला तो गोळीमुळे, रोग पळाला म्हणून नव्हे, ही गोष्ट अण्णांना वेळेवर कुणी समजावली नाही. मीही नाही.

अण्णा पुढे चार वर्षे काठीच्या आधाराने ओसरीपर्यंत येत. आता माझाही रक्तदाब वाढलेला असतो. सकाळी गोळी घेतो आणि महिन्याचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. बरे वाटत असले तरीही.