विश्लेषण : हिमकणांचे फोटो काढणारा शेतकरी… विल्सन बेंटली यांनी घरामागच्या शेडमध्ये नेमके काय केले?

मोबाइलमधला मॅक्रो मोड सुरू करून मुंगी, फुलातला पराग किंवा मिठाचा कण टिपण्याचा छंद आता घरोघरी आहे. अडचणीही सगळ्यांच्या सारख्याच : प्रकाश कमी पडतो, हात हलतो, कणाचा एक भाग स्पष्ट येतो आणि बाकीचा धूसर. या अडचणींशी १४० वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या मुलाने झुंज दिली, तीही काही मिनिटांत नाहीशा होणाऱ्या वस्तूचा फोटो काढण्यासाठी. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचे विल्सन बेंटली यांनी आयुष्यभरात हिमस्फटिकांची पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली.

सुरुवात कशी झाली?

बेंटली यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ चा. वडील शेतकरी, आई पूर्वाश्रमीची शिक्षिका. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतचे त्यांचे शिक्षण आईनेच घरी केले. पंधराव्या वाढदिवसाला तिच्याकडून त्यांना एक जुना सूक्ष्मदर्शक मिळाला. बाहेर हिवाळा होता, त्यामुळे काचेखाली पहिल्यांदा आला तो बर्फच. दिसलेली आकृती कागदावर उतरवण्याचा प्रयत्न त्यांनी केला. पण चित्र निम्मे होईपर्यंत कण वितळून जाई.

यावर उपाय एकच, कॅमेरा. भात्याचा कॅमेरा आणि त्याला जोडता येईल असा चांगला सूक्ष्मदर्शक यांची किंमत तेव्हा सुमारे १०० डॉलर होती. गोठ्यावर आणि शेतीवर चालणाऱ्या घरासाठी ही रक्कम मोठी होती. वडिलांना हा सगळा उद्योग वायफळ वाटे, तरीही त्यांनी पैसे दिले. त्या वेळी विल्सन सतरा वर्षांचे होते.

पहिला फोटो इतका अवघड का होता?

पुढे दोन-अडीच वर्षे हाती काहीच लागले नाही. निगेटिव्हवर उमटे ती एक धूसर सावली. यामागचे कारण आजच्या मॅक्रो छायाचित्रणातही रोज भेटते. वस्तू जितकी मोठी करून पाहावी, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो. भिंगापुढचे छिद्र लहान केले की हा थर जाड होतो आणि कडा उठून दिसतात, पण प्रकाश घटतो. मग काच जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. फोटोग्राफी कोणाकडूनही न शिकलेल्या या मुलाने हे चुकतमाकत शोधून काढले. छिद्र अगदी बारीक केले आणि प्रकाश देण्याचा वेळ कित्येक सेकंदांपर्यंत वाढवला. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांना हिमस्फटिकाचे पहिले स्वच्छ छायाचित्र मिळाले.

काम कसे चाले?

जागा म्हणजे घरामागची शेगडी नसलेली शेड. ऊब असती तर कामच झाले नसते. हिमवृष्टी सुरू झाली की बेंटली काळ्या रंगाची फळी बाहेर धरत आणि तिच्यावर पडलेले कण शेडमध्ये आणून न्याहाळत. हात मोज्यांत असत, कारण बोटांची ऊब फळीपर्यंत पोहोचता कामा नये. मोडके, एकमेकांना चिकटलेले कण पिसाने झाडून टाकले जात. एखादा बरा कण दिसला, की तो झाडूच्या बारीक काडीने उचलून काचपट्टीवर ठेवायचा आणि पिसाच्या टोकाने अलगद सपाट करायचा. हे सगळे श्वास रोखून, कारण एका उच्छ्वासाने मेहनत पाण्यात जाई, अगदी शब्दशः.

मग काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली आणि कॅमेऱ्याचे तोंड खिडकीकडे. आकाशाचा उजेड मागून स्फटिकातून आरपार येई, त्यामुळे आतल्या नक्षीच्या रेषाही उमटत. कॅमेरा इतका लांब होता, की मागच्या काचेवर प्रतिमा पाहताना पुढच्या फोकसच्या चाकापर्यंत हात पोहोचत नसे. बेंटलींनी दोरी आणि चाके जोडून ही अडचणही घरच्या घरी सोडवली.

घाई फक्त वितळण्यामुळे नव्हती. तापमान शून्याखाली असले तरी बर्फाची थेट वाफ होत राहते. आधी टोके बोथट होतात, मग बारीक नक्षी जाते. म्हणजे फोटो स्वच्छ आला, पण उशिरा आला, तर तो मूळ स्फटिकाचा राहत नाही.

मग वाद कशाचा?

पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा पारदर्शक बर्फ छापल्यावर फिका दिसे. बेंटली यांनी त्यावर कष्टाचा तोडगा काढला. मूळ निगेटिव्हची दुसरी प्रत करायची आणि तिच्यावर स्फटिकाच्या कडेबाहेरचा थर चाकूने खरवडून काढायचा. छापील फोटोत तेवढा भाग काळाभोर येई आणि स्फटिक झळकून उठे. एका प्रतीला तासन्‌तास लागत.

जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमान यांचा आक्षेप नेमका इथेच होता. त्यांचे सहकारी रिचर्ड नॉयहाउस यांनी बर्लिनमध्ये टिपलेले स्फटिक इतके रेखीव नव्हते, काही तर सरळसरळ वेडेवाकडे होते. खरवडताना बेंटली यांच्या हातून कडा बदलल्या जातात, असा हेलमान यांचा आरोप होता. त्यावर सांगण्यासारखी बाब ही, की चाकू चाले तो प्रतीवर. मूळ निगेटिव्ह तशीच राहत असे. आक्षेपाचा दुसरा भाग मात्र जास्त वजनदार आहे. आकाशातून पडणारे बहुसंख्य कण तुटके, विषम किंवा नुसत्या काड्यांसारखे असतात. बेंटली काळ्या फळीवरून निवडत होते ते सुंदर, सहा हातांचे, सममित कण. बर्फ म्हणजे नाजूक षट्कोनी चांदणी हे जगाच्या डोक्यात बसलेले चित्र बऱ्याच अंशी त्यांच्या आवडीनिवडीतून आले आहे.

विज्ञानाने त्यांची दखल घेतली का?

उशिरा आणि अर्धवट. व्हरमाँट विद्यापीठातील प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्यासोबत १८९८ मध्ये त्यांचा पहिला लेख आला. १९०३ मध्ये त्यांनी ५०० छायाचित्रे स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवली. काचेच्या स्लाइड पाच-पाच सेंटना विकल्या जात. शाळा-महाविद्यालये त्या घेत, तसेच नक्षीच्या शोधात असलेले कारागीरही. गावात मात्र गाई सांभाळून बर्फामागे धावणारा हा अविवाहित माणूस बराच काळ विक्षिप्तच ठरला.

त्यांचे सर्वांत भक्कम काम कदाचित बर्फावरचे नव्हेच, तर पावसावरचे आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. १८९८ ते १९०४ या काळात बेंटली यांनी पावसाच्या थेंबांचे आकार मोजले. साधन काय, तर थाळीत इंचभर पसरलेले चाळलेले पीठ. पावसात ती क्षणभर उघडी धरायची. प्रत्येक थेंबाची पिठात गोळी होते, ती वाळली की मोजायची. गोळी थेंबाएवढीच असते का, हे त्यांनी माहीत आकाराचे थेंब उंचावरून पाडून आधी तपासलेही. असे ३४४ नमुने घेतल्यावर सर्वांत मोठा थेंब साधारण सहा मिलिमीटरचा निघाला. काही पाऊस ढगातला बर्फ वितळून पडतो, तर काही बर्फाशिवायच तयार होतो, हा निष्कर्षही त्यांनी मांडला. १९०४ मध्ये छापलेल्या या कामाकडे पुढची काही दशके कोणी फारसे वळून पाहिले नाही.

दोन हिमकण सारखे नसतात, हे खरे का?

ही कल्पना बेंटली यांच्यामुळे घरोघरी पोहोचली. स्फटिक ढगातून खाली येताना सतत बदलत्या तापमानातून आणि आर्द्रतेतून जातो. प्रत्येकाची वाट वेगळी, म्हणून प्रत्येकाचा आकार वेगळा. गुंतागुंतीच्या चांदण्यांबाबत हे आजही ग्राह्य धरले जाते. मात्र १९८८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ नॅन्सी नाइट यांनी स्तंभासारखे दोन साधे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसत असल्याचे दाखवले. बेंटलींच्या फळीवरून बहुधा ते झाडून टाकले गेले असते.

शेवट कसा झाला?

अमेरिकी हवामान खात्यातील भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हंफ्रीज यांच्यासोबतचे ‘स्नो क्रिस्टल्स’ हे पुस्तक नोव्हेंबर १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दोन हजार चारशेहून अधिक छायाचित्रे होती. पुढच्याच महिन्यात बेंटली हिमवादळातून सुमारे दहा किलोमीटर चालत घरी आले. त्यांना न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबरला, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ते पुस्तक जपानमध्ये उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती पडले. त्यांनी १९३६ मध्ये होक्काइदो विद्यापीठाच्या शीतगृहात सशाच्या केसावर जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि कोणत्या तापमानाला, किती बाष्प असताना कोणता आकार तयार होतो याचा तक्ता मांडला.