हरमासची बाग

दक्षिण फ्रान्समध्ये सेरिन्याँ नावाचे एक लहान खेडे आहे. १८७९ साली तेथे पंचावन्न वर्षांचे एक शिक्षक आपल्या कुटुंबासह राहायला आले. त्यांनी गावाबाहेर सुमारे अडीच एकर जमीन घेतली. जमीन कसली, नुसते दगडगोटे! काटेरी झुडपे आणि रानगवत यांशिवाय तेथे काही उगवत नव्हते. अशा पडीक जमिनीला तिकडच्या बोलीत हरमास म्हणतात. कोणाही शेतकऱ्याने ती फुकट दिली तरी घेतली नसती. पण या शिक्षकांना पीक काढायचे नव्हतेच. त्यांना किडे हवे होते. त्यांचे नाव ज्याँ आंरी फाब्र.

फाब्र यांचा जन्म १८२३ मध्ये एका गरीब घरात झाला. वडिलांचा धंदा बुडाला, तेव्हा या मुलाने जत्रेत लिंबे विकली, मजुरी केली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते शिक्षक झाले. पगार अगदी तुटपुंजा. एकदा त्यांना दुकानात कीटकांवरचा एक ग्रंथ दिसला. त्याची किंमत त्यांच्या एका महिन्याच्या पगाराएवढी होती. तरी तो त्यांनी घेतला! शिक्षकाच्या घरात महिन्याच्या पगाराला काय मोल असते ते मला ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या चरित्रातला हा प्रसंग मला फार मोठा वाटतो.

आव्हिन्याँ शहरात ते संध्याकाळी मोफत विज्ञानवर्ग घेत. त्या वर्गांना मुलीही येत. फुलापासून फळ कसे तयार होते, हे त्यांनी मुलींना समजावून सांगितले, एवढ्यावरून काही लोक चिडले. विरोध इतका वाढला की १८७० मध्ये घरमालकिणींनी त्यांना घर सोडायला लावले. पाच मुले, हातात पैसा नाही. अशा वेळी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतांनी त्यांना तीन हजार फ्रँक उसने दिले. फाब्र यांनी रात्रंदिवस शालेय पुस्तके लिहिली आणि ते कर्ज फेडले. पण दुःख संपले नव्हते. त्यांचा मुलगा ज्यूल किडे शोधायला नेहमी बरोबर असे. १८७७ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी तो वारला. गांधीलमाशीच्या काही जातींना फाब्र यांनी त्याचे नाव दिले.

दोन वर्षांनी हरमासची जमीन मिळाली. स्वतःच्या मालकीच्या अशा तुकड्याची त्यांनी चाळीस वर्षे वाट पाहिली होती.

कुंपणाची भिंत बांधायला गवंडी आले. त्यांचे काम इतके सावकाश चालले, की दगडांच्या आणि वाळूच्या ढिगांत पाहुणे राहायला आले. दगडांच्या फटींत मधमाश्यांनी मातीची घरे केली, सरड्यांनी बिळे धरली. वाळूत गांधीलमाश्यांनी आपल्या पिल्लांसाठी भुयारे खणली. शेवटी गवंड्यांनी वाळू उचलली, तेव्हा फाब्र यांना त्या माश्या बेघर झाल्याचे वाईट वाटले. वसंत ऋतूत घरापुढच्या तळ्यात दूरदूरचे बेडूक जमत. झुडपांत पक्षी घरटी बांधत. चिमण्या कौलांखाली काड्या नेत.

मे महिन्यातील एका सकाळी त्यांच्या टेबलावर कोशातून एक मोठी मादी पतंग बाहेर आली. त्यांनी तिला जाळीच्या झाकणाखाली ठेवले. रात्री नऊच्या सुमारास लहानगा पॉल ओरडतच धावत आला. खोलीत पाखरांएवढे पतंग शिरले होते! बाहेर काळोख, आकाशात ढग, घराभोवती दाट झाडी. तरी नर पतंग नेमके येऊन मादीभोवती फिरत होते. आठ रात्रींत सुमारे दीडशे नर आले. त्यांना कोणी बोलावले? फाब्र अनेक वर्षे हे कोडे सोडवत होते. दुसऱ्या एका जातीवर प्रयोग करून त्यांनी ओळखले, की मादीचा वास नरांना ओढून आणतो. माणसाच्या नाकाला मात्र तो वास मुळीच कळत नाही.

उन्हाळ्यात दारासमोरच्या चिनारच्या जातीच्या दोन झाडांवर सिकाडा किडे दिवसभर कर्कश गात. त्यांना ऐकू येते का? फाब्र यांनी गावातल्या सणासुदीच्या दोन तोफा आणवल्या. काचा फुटू नयेत म्हणून घराच्या खिडक्या उघडल्या आणि झाडाखाली बार उडवला. सिकाडांचे गाणे थांबले नाही. ते बहिरे असावेत, असे फाब्र यांना वाटले. येथे मात्र त्यांचे चुकले. सिकाडांना कान असतात, हे आता सिद्ध झाले आहे. तोफेच्या आवाजाकडे त्यांनी लक्ष दिले नाही इतकेच.

हिवाळ्यात बागेतल्या पाइन वृक्षांवर सुरवंटांची रेशमी घरटी लोंबत. हे सुरवंट एकामागे एक रांगेने चालतात आणि वाटेवर रेशमाचा धागा सोडतात. जानेवारी १८९६ च्या अखेरीस त्यांची एक रांग मोठ्या कुंडीच्या काठावर चढली. पुढचा सुरवंट शेवटच्याला जाऊन मिळाला आणि वर्तुळ पूर्ण झाले. आता पुढारी कोणीच नव्हता! फाब्र वही घेऊन बसले. एक दिवस गेला, दोन गेले. थंडीने सुरवंट आखडत, ऊन पडले की पुन्हा चालू लागत. सात दिवस ते त्याच काठावर फिरत होते. फाब्र यांच्या हिशेबाप्रमाणे त्यांनी ३३५ फेऱ्या मारल्या. आठव्या दिवशी काही दमलेले सुरवंट वाट चुकून खाली उतरले आणि बाकीच्यांची सुटका झाली.

अशा निरीक्षणांचे त्यांनी दहा खंड लिहिले. पहिला १८७९ मध्ये निघाला, दहावा १९०७ मध्ये. डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, पण डार्विन यांचा उत्क्रांतीचा सिद्धांत त्यांना कधीच पटला नाही. कीर्ती आली ती फार उशिरा, वयाच्या ऐंशीनंतर. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी याच घरी त्यांचे निधन झाले. १९२२ मध्ये फ्रान्सच्या सरकारने घर आणि बाग विकत घेतली. ज्या लहानशा टेबलावर त्यांनी हे सारे लिहिले, ते टेबल जेमतेम हातरुमालाएवढे होते.