अणुशास्त्रज्ञ नील्स बोर व त्यांची शांतिनीति

शेजारच्या घरीं कोणी घातक शस्त्र तयार करीत आहे असा संशय आला, तर त्या घरावर आधींच चालून जावें, कीं दार ठोठावून त्या घरच्यांशीं बोलावें, हा प्रश्न मनुष्यजातीइतकाच जुना आहे. विसाव्या शतकांत अणूच्या पोटांतील प्रचंड शक्ति माणसाच्या हातीं आली आणि या जुन्या प्रश्नास भयंकर रूप प्राप्त झालें. ज्या थोर पुरुषानें अणूची रचना जगास समजावून दिली, त्यालाच आयुष्याच्या उत्तरार्धांत या प्रश्नाचें उत्तर घेऊन सत्ताधीशांचे उंबरठे झिजवावे लागले. डेन्मार्क देशाच्या त्या सुपुत्राचें, नील्स बोर यांचें, चरित्र आज आपणांस थोडक्यांत पाहावयाचें आहे.

नील्स बोर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ रोजीं कोपनहेगन शहरीं झाला. त्यांचे वडील ख्रिस्तियान बोर हे तेथील विद्यापीठांत शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या मातोश्री एलेन या एका सधन यहुदी घराण्यांतील होत्या. घरीं विद्वानांची ये-जा असे आणि मुलांना त्यांचीं संभाषणें बसून ऐकण्याची मोकळीक असे. नील्स व त्यांचे धाकटे बंधु हॅरल्ड यांचें एकमेकांवर अतिशय प्रेम होतें. दोघेहि फुटबॉल खेळत. हॅरल्ड हे तर १९०८ च्या लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत रौप्यपदक मिळविणाऱ्या डॅनिश संघांत होते आणि पुढें मोठे गणिती म्हणून प्रसिद्ध झाले. नील्स यांची वाणी मात्र ओघवती नव्हती. ते हळू आवाजांत, अडखळत बोलत आणि एकेक लेख पुनःपुन्हा लिहून काढीत. हा त्यांचा स्वभाव वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें एका आणीबाणीच्या प्रसंगीं त्याचें मोल त्यांना द्यावें लागलें.

१९११ सालीं डॉक्टरची पदवी मिळवून बोर इंग्लंडला गेले व मँचेस्टर येथें अर्नेस्ट रदरफोर्ड या महान् शास्त्रज्ञाच्या सहवासांत राहिले. १९१२ सालीं मार्ग्रेथ नोरलुंड यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. दुसऱ्याच वर्षीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास, अणूच्या रचनेविषयींचा आपला सिद्धान्त त्यांनीं प्रसिद्ध केला. अणूच्या केंद्राभोवतीं इलेक्ट्रॉन ठराविक कक्षांतच फिरतात आणि एका कक्षेंतून दुसरींत जातांना ते प्रकाश देतात किंवा घेतात, असें त्यांनीं दाखविलें. या कार्याबद्दल १९२२ सालीं त्यांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

तत्पूर्वींच, १९२१ सालीं, त्यांनीं कोपनहेगन येथें आपली संशोधनसंस्था उघडली होती. तेथें जर्मन, इंग्रज, रशियन, अमेरिकन, जपानी असे नाना देशांचे तरुण एका मेजाभोवतीं बसून वाद घालीत. आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा यांनींहि तरुणपणीं तेथें कांहीं काळ काम केलें. या मंडळींत कोणतीहि गोष्ट झांकून ठेवण्याची चाल नव्हती. ज्याला जें कळलें तें त्यानें सर्वांना सांगावें, अशी तेथील रीत होती. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता स्थापन झाली आणि यहुदी विद्वानांवर संकट ओढवलें, तेव्हां बोर यांनीं कित्येकांना आश्रय दिला व परदेशीं कामें मिळवून दिलीं. १९३४ सालीं त्यांचा ज्येष्ठ पुत्र त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्रांत बुडून मरण पावला. तें दुःख उरांत ठेवून त्यांनीं हें कार्य पुढें चालविलें.

१९३८ सालच्या डिसेंबरांत बर्लिन येथें ऑटो हान व फ्रित्झ स्ट्रासमन यांना युरेनियमच्या अणूचें विभाजन होत असल्याचा पुरावा मिळाला. जानेवारी १९३९ मध्यें ही वार्ता बोर यांनींच अमेरिकेंत नेली. युरेनियमचा जो एक विरळा प्रकार आहे त्याचेंच विभाजन सहज होतें, हें त्यांनीं लौकरच ओळखलें. या विषयावरचा त्यांचा व जॉन व्हीलर यांचा प्रसिद्ध निबंध १ सप्टेंबर १९३९ रोजीं छापून आला. त्याच दिवशीं हिटलरचें सैन्य पोलंडमध्यें शिरलें. हा विरळा युरेनियम वेगळा करून बाँब करावयाचा तर सबंध देशाचाच कारखाना करावा लागेल, असें त्या वेळीं बोर यांना वाटत होतें.

९ एप्रिल १९४० रोजीं जर्मनीनें डेन्मार्क व्यापला. १९४१ च्या सप्टेंबरांत बोर यांचे एके काळचे प्रिय शिष्य व आतां जर्मन अणुसंशोधनांतील प्रमुख, व्हर्नर हायझेनबर्ग, कोपनहेगनला आले व आपल्या गुरूस एकांतांत भेटले. त्या भेटींत नेमकें काय बोलणें झालें, यावर पुढें मोठा वाद माजला. परंतु जर्मनी अणूचें अस्त्र बनविण्याच्या खटपटींत आहे असा ग्रह होऊन बोर अस्वस्थ झाले, एवढें निश्चित. गुरुशिष्यांमधील जुना विश्वास त्या दिवशीं तुटला तो पुन्हा पूर्वींसारखा जुळला नाहीं.

जर्मनीच्या या महत्त्वाकांक्षेस दोस्त राष्ट्रांनीं बळानें उत्तर दिलें. नॉर्वेंत व्हेमोर्क येथें जड पाणी तयार करण्याचा मोठा कारखाना होता व तें पाणी जर्मन संशोधनास अवश्य होतें. फेब्रुवारी १९४३ मध्यें कांहीं शूर नॉर्वेजियन तरुण बर्फाची दरी ओलांडून रात्रीं आंत शिरले आणि एकहि गोळी न झाडतां त्यांनीं तेथील यंत्रें उडवून दिलीं. यंत्रें पुन्हा चालूं झालीं, तेव्हां नोव्हेंबरांत अमेरिकन विमानांनीं त्या जागीं बाँबवर्षाव केला. त्यांत वीसहून अधिक निरपराध नागरिक मरण पावले. उरलेलें पाणी जर्मनीस नेत असतां २० फेब्रुवारी १९४४ रोजीं देशभक्तांनीं तें नेणारी बोट तिन सरोवरांत बुडविली. तींत चौदा नॉर्वेजियन माणसेंहि बुडालीं. युद्ध संपल्यावर असें उघडकीस आलें कीं, जर्मनी बाँबपासून फारच दूर होता. हिटलरसारख्या शत्रूपुढें बोलणीं करण्यास वाव नव्हता, म्हणून या कृत्यांस कोणी सहसा दोष देत नाहीं. परंतु शत्रूच्या मनांत काय आहे हें ठाऊक नसतां उचललेल्या शस्त्राची किंमत निरपराध्यांसहि द्यावी लागते, हा धडा त्यांत आहेच.

१९४३ सालच्या सप्टेंबरअखेर डेन्मार्कमधील यहुद्यांना पकडण्याचा बेत ठरला. बोर यांस वेळीच सूचना मिळाली आणि ते पत्नीसह रात्रीं एका लहान होडींतून स्वीडनला निसटले. स्वतःचा जीव वांचला एवढ्यावर ते थांबले नाहींत. स्वीडनच्या राजास भेटून, डॅनिश यहुद्यांना उघडपणें आश्रय द्यावा, अशी त्यांनीं गळ घातली. स्वीडननें तसें जाहीर केलें व सात हजारांहून अधिक माणसें सामुद्रधुनी ओलांडून सुखरूप पोंचलीं. पुढें इंग्रजांनीं बोर यांना एका बाँबफेकी विमानाच्या पोटांत निजवून लंडनला नेलें. त्यांचें डोकें मोठें असल्यामुळें शिरस्त्राण नीट बसेना, वैमानिकाची सूचना ऐकूं आली नाहीं, प्राणवायूची नळी लावावयाची राहिली आणि ते बेशुद्ध पडले. वैमानिकानें विमान खालीं आणलें म्हणून जगाचा हा ठेवा वांचला.

अमेरिकेंत गेल्यावर निकोलस बेकर हें टोपण नांव धारण करून, पुत्र ओगे यांसह, ते लॉस आलामॉस येथील गुप्त प्रयोगशाळेंत जाऊं लागले. पाहतात तों सबंध देशाचा कारखाना करण्याचें काम अमेरिकेनें खरोखरच आरंभिलें होतें! त्यांनीं त्या कामांत साहाय्य केलें, हें येथें लपविण्याचें कारण नाहीं. तथापि इतरांचें लक्ष बाँब केव्हां तयार होईल याकडे असतां, बोर यांचें लक्ष तो तयार झाल्यावर काय होईल याकडे लागलें होतें. निसर्गाचें रहस्य फार दिवस एका देशाच्या कुलुपांत राहत नसतें. आज मित्र असलेला रशिया उद्यां तेंच अस्त्र करूं लागेल. मग भयानें भय वाढेल. म्हणून बाँब तयार होण्यापूर्वीं व युद्ध संपण्यापूर्वीं, मैत्री आहे तोंवरच, रशियास या गोष्टीची कल्पना द्यावी आणि सर्वांनीं मिळून तपासणीची व नियंत्रणाची व्यवस्था करावी, असें त्यांचें मत झालें. बाँब कसा करावा हें सांगा, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. एकमेकांवर विश्वास ठेवण्याचा पाया आधीं घाला, असें होतें.

हा विचार घेऊन १६ मे १९४४ रोजीं ते ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांस भेटले. पुटपुटत, अडखळत बोलणारा हा शास्त्रज्ञ आणि युद्धाच्या घाईंत असलेला तो तापट मुत्सद्दी, यांची गांठ मुळींच जमली नाहीं. थोड्याच वेळांत भेट संपली व मुख्य गोष्ट सांगावयाची राहूनच गेली. २६ ऑगस्ट रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्यांचें म्हणणें तासाहून अधिक वेळ आस्थेनें ऐकलें, त्यामुळें बोर यांची आशा पालवली. परंतु पुढच्याच महिन्यांत रूझवेल्ट व चर्चिल यांनीं सर्व गोष्टी अत्यंत गुप्त ठेवण्याचा करार केला. इतकेंच नव्हे, तर बोर यांच्याकडून रशियनांना बातमी जाऊं नये म्हणून चौकशी करण्याचें ठरविलें. ज्यानें शांतीचा मार्ग दाखवावा त्याच्याच मागें संशयाचा पहारा लागला.

१९४५ च्या ऑगस्टांत हिरोशिमा व नागासाकी हीं शहरें भस्मसात् झालीं. १९४६ सालीं अणुशक्तीच्या नियंत्रणाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढें आला. अमेरिका म्हणे, आधीं तपासणीची व्यवस्था, मग आमचे बाँब नष्ट करूं. रशिया म्हणे, आधीं बाँब नष्ट करा, मग तपासणी. त्या ओढाताणींत कांहींच निष्पन्न झालें नाहीं. २९ ऑगस्ट १९४९ रोजीं रशियानें आपल्या पहिल्या अणुबाँबचा स्फोट केला. बोर यांचें भाकित खरें ठरलें. १९४४ सालीं त्यांचें ऐकलें असतें तर स्टालिननें तो हात स्वीकारला असता काय? याचें उत्तर कोणासहि देतां येणार नाहीं. परंतु न मागितलेल्या संमतीला नकार मानून चालणें, यांत शहाणपण होतें असेंहि म्हणतां येणार नाहीं.

बोर खचले नाहींत. ९ जून १९५० रोजीं त्यांनीं संयुक्त राष्ट्रसंघास अनावृत पत्र लिहून, राष्ट्रांराष्ट्रांमध्यें ज्ञानाचा व माणसांचा मोकळा संचार असावा, अशी विनंति केली. थोड्याच दिवसांत कोरियाचें युद्ध पेटलें आणि त्या रणवाद्यांत हा मंद आवाज बुडाला. तरी पेरलेलें बीज अगदींच वाया गेलें नाहीं. १९५५ सालीं जिनीव्हा येथें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयीं डॉ. भाभांच्या अध्यक्षतेखालीं मोठी परिषद भरली, तींत बोर होते. १९५७ सालीं व्हिएन्ना येथें आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्था स्थापन झाली. तिचे निरीक्षक देशोदेशींच्या अणुभट्ट्या तपासूं लागले. शांतीसाठीं अणु या नांवाचें पहिलें पारितोषिक त्याच वर्षीं बोर यांस मिळालें. १९६० सालीं ते भारतांतहि येऊन गेले. ऑक्टोबर १९६२ मध्यें क्यूबा बेटावरील रशियन अण्वस्त्रांवरून जग विनाशाच्या कड्यावर उभें राहिलें. तेव्हां हल्ला न करतां, आरमारी वेढा व गुप्त बोलणीं यांच्या साहाय्यानें तें संकट टळलें. त्यानंतर महिनाभरांतच, १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं, नील्स बोर यांनीं कोपनहेगन येथें देह ठेवला.

त्यांनीं उपस्थित केलेला प्रश्न मात्र संपलेला नाहीं. १९८१ सालीं इस्रायलच्या विमानांनीं इराकची अणुभट्टी उद्ध्वस्त केली. त्यानंतर इराकनें तो उद्योग सोडला नाहीं. तो गुप्तपणें चालविला. १९८७ सालीं अमेरिका व रशिया यांनीं परस्परांचे निरीक्षक आपापल्या भूमींत येऊं देण्याचें मान्य करून क्षेपणास्त्रांचा एक सबंध वर्गच मोडून टाकला. २०१५ सालीं इराणनें करारानें आपल्या अणुकार्यावर मर्यादा घालून घेतली. २०१८ सालीं अमेरिका त्या करारांतून बाहेर पडली आणि २०२५ च्या जूनमध्यें इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब पडले. शस्त्रानें यंत्रें मोडतात, पण डोक्यांतील ज्ञान मोडत नाहीं. करारहि तपासणीवांचून टिकत नाहीं.

१९४७ सालीं डेन्मार्कच्या राजानें बोर यांस मोठा मान दिला, तेव्हां परस्परविरुद्ध भासणारीं तत्त्वें एकमेकांस पूरक असतात, अशा अर्थाचें बोधवाक्य त्यांनीं आपल्या मानचिन्हासाठीं निवडलें. बळ व बोलणें यांसहि तें लागूं पडतें. बोर हे भोळे नव्हते. त्यांनीं बाँबच्या कामाला हात लावला होता. परंतु ज्याच्या हातीं बळ आहे त्यानेंच आधीं बोलावें, आणि तें वेळेवर बोलावें, ही त्यांची शिकवण होती. मित्रहो, शाळेच्या अंगणांतील लहानशा भांडणांतहि मूठ वळण्यापूर्वीं समोरच्याचें म्हणणें आपण खरोखर विचारलें आहे काय, हें एकदां मनाला विचारून पाहावें. ती संवय येथें लागली, तरच मोठेपणीं कामास येईल.