रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे



रविवारी आपण मिस्साला येतो, दुपारी सगळे मिळून जेवतो, संध्याकाळी नातेवाइकांकडे जातो. ही सुट्टी जणू पूर्वीपासून होतीच, असे आपल्याला वाटते. परंतु आपल्या देशातील गिरणी कामगारांना ती एका मराठी माणसाने झगडून मिळवून दिली.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. त्या काळी आपल्या खामगावचा कापूस आगगाडीने मुंबईला जात असे. तिथल्या गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत. आठवड्याची सुट्टी नव्हती, दुपारी धड जेवायलाही सवड नव्हती.

लोखंडे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवले. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झाल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. तरी सहा वर्षे थांबावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीला आधार दिला.

लोखंडे ख्रिस्ती नव्हते. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण त्यांनी मांडले होते. सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्याला एक दिवस समाजासाठीही मिळावा, अशी त्यांची भूमिका सांगितली जाते. १८९१ सालीच पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रात कामगारांच्या रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला.

शब्बाथाची आज्ञा केवळ घरधन्यासाठी नाही. तीत दास, दासी, परका, एवढेच नव्हे तर बैलही आहे. पोळ्याला आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, ते याच जाणिवेने. दमून आलेल्या प्रेषितांना प्रभू येशूनेही विसाव्यासाठी एकांती नेले. माणूस म्हणजे कामाचे हत्यार नव्हे. तो देवाचे लेकरू आहे, आणि विश्रांतीत त्याला हे पुन्हा आठवते.

१८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. रुग्णांची सेवा करता करता लोखंडे यांना त्याच रोगाने गाठले व ९ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले.

आज घरी गेल्यावर आपण एवढाच विचार करू या: आपल्या शेतावरचा सालदार, धुणीभांडी करणारी बाई, दुकानातला पोऱ्या यांना आठवड्यातून एक दिवस मिळतो का? आणि घरातल्या आईला? आपला रविवार त्यांच्याही वाट्याला आला, तरच तो खऱ्या अर्थाने प्रभूचा दिवस होईल.