न्यायमूर्ती रानडे आणि न्यायदानाचा खर्च

दर वर्षी १६ जानेवारीला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पुण्यतिथी येते. समाजसुधारणेचे अग्रणी, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ, मराठ्यांच्या इतिहासाचे भाष्यकार म्हणून त्या दिवशी त्यांचे स्मरण केले जाते. अर्थशास्त्राचे अध्यापक त्यांना भारतीय अर्थविचाराच्या आद्य प्रवर्तकांत स्थान देतात. परंतु ज्या पदवीवाचून त्यांचे नाव उच्चारलेही जात नाही, त्या न्यायमूर्तिपदाचा विचार मात्र क्वचितच होतो. सुमारे तीस वर्षे हा मनुष्य न्यायासनावर बसला आणि त्यांतील बराच काळ त्याने गावोगावच्या कचेऱ्या तपासण्यात घालविला, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत. न्यायालयांच्या इमारतींवर आणि संगणकयंत्रणेवर आज शासन हजारो कोटी रुपये खर्च करीत आहे. अशा वेळी या विसरलेल्या भागाची उजळणी करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील सरकारी नोकरीत होते आणि पुढे ते कोल्हापूर संस्थानात गेले. त्यामुळे रानड्यांचे प्रारंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. तेथून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात आले. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ मधील पहिल्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते, आणि १८६२ साली विद्यापीठाच्या पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली तिच्यातही ते होते. एम. ए. आणि कायद्याची पदवी यांमागून आली. अतिवाचनाने त्यांची दृष्टी तरुणपणीच अधू झाली व ते दुखणे जन्मभर सोबतीला राहिले. काही काळ भाषांतरकार, काही काळ अक्कलकोट संस्थानात, काही काळ कोल्हापुरात न्यायाधीश, मग एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापक, अशी वळणे घेत १८७१ च्या अखेरीस ते पुण्यास प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीश म्हणून रुजू झाले.

याच १८७१ साली मुंबईत दुसरे एक काम सुरू झाले होते. कर्नल जेम्स फुलर या अभियंत्याच्या आराखड्यानुसार मुंबई उच्च न्यायालयाची भव्य दगडी इमारत उभी राहू लागली होती. तिला साडेसात वर्षे लागली व सुमारे साडेसोळा लाख रुपये खर्च आला. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. नोव्हेंबर १८७८ मध्ये इमारत पूर्ण झाली आणि जानेवारी १८७९ मध्ये तेथे कामकाज सुरू झाले. आजही ती वास्तू मुंबईचे भूषण आहे.

इमारतीचे मजले चढत असताना पुणे जिल्ह्यात काय घडत होते, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वधारलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला होता. जमीन महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला होता. आणि शेतकरी सावकाराच्या वहीत खोल रुतला होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला आणि पाहता पाहता दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांचे एक वैशिष्ट्य विचार करण्यासारखे आहे. लोकांचा मुख्य रोख होता तो सावकारांच्या कागदांवर. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून घ्यावेत व जाळून टाकावेत, यासाठी ती धडपड होती.

कागदांवर हा राग का, याचे उत्तर चौकशी आयोगाच्या कामातून पुढे आले. सावकारांनी लावलेल्या दाव्यांत प्रतिवादी शेतकरी बहुधा हजरच होत नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई. तो हजर का होत नसे? न्यायालय दूर होते, जाण्यायेण्याचे दिवस बुडत, वकिलाला द्यायला पैसा नव्हता, समन्सचा अर्थ कळत नव्हता. आणि कित्येकदा समन्स पोचतच नव्हते. न्यायालय कायद्याने सर्वांना खुले होते. परंतु तेथवर पोचण्याचा खर्च एका पक्षाला परवडणारा आणि दुसऱ्याला न परवडणारा होता. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर न्यायाची किंमत केवळ कोर्ट फीमध्ये मोजता येत नाही. अंतर, वेळ आणि बुडालेली मजुरी हीही त्या किंमतीचीच अंगे होत.

रानडे या काळात पुण्यातच होते. सार्वजनिक सभेच्या कामात ते पडद्याआडून पण पूर्णपणे गुंतलेले होते. सभेने आणि गणेश वासुदेव जोशी यांनी चालविलेल्या लवाद न्यायालयाच्या उपक्रमाला त्यांची सहानुभूती होती. दुष्काळाच्या वर्षांत सभेने खेड्यापाड्यांतील स्थितीची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, त्यामागेही त्यांचीच दृष्टी होती. सरकारी नोकराने एवढे करणे सरकारला रुचले नाही. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला आणि पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या दिवसांत धुळ्याला बदली झाली. तेथे त्यांच्या पत्रव्यवहारावरही नजर ठेवली जाई. हा संशय त्यांनी मुकाट्याने सोसला आणि काम चालू ठेवले. त्यांचा हा सोशिकपणा काहींना गुण वाटतो, काहींना उणीव. १८७३ साली प्रथम पत्नीच्या निधनानंतर विधवेशी विवाह न करता वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले, तेव्हाही हाच स्वभाव दिसला होता आणि त्याबद्दल टीकाही झाली होती. थोर पुरुषाचे चरित्र सांगताना ही बाजू लपविण्याचे कारण नाही.

उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीत कामकाज सुरू झाले त्याच १८७९ सालाच्या अखेरीस दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा अमलात आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. या कायद्याने नवी वास्तू एकही उभारली नाही. त्याने न्यायदानाची रीत बदलली. शेतकऱ्याविरुद्धचा दावा तो जेथे राहतो त्या हद्दीतील न्यायालयातच लावावा. न्यायाधीशाने प्रतिवादीची जबानी घ्यावी आणि व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासावा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. किरकोळ दाव्यांसाठी गावपातळीवर मुन्सफ असावेत, तडजोडीसाठी सलोखा घडविणारे नेमावेत, आणि दस्तऐवज गावाजवळच नोंदले जावेत. या सर्व यंत्रणेवर देखरेख ठेवण्यासाठी विशेष न्यायाधीशाची तरतूद होती.

ही देखरेख हेच रानड्यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ न्यायिक कार्य ठरले. १८८१ मध्ये डॉ. पोलन या विशेष न्यायाधीशांचे सहायक म्हणून त्यांची नेमणूक झाली. मध्यंतरी ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश होते. १८८७ मध्ये पोलन यांच्या जागी ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले, आणि १८९३ पर्यंत त्या पदावर राहिले. या कामाचे स्वरूपच फिरतीचे होते. तालुक्यामागून तालुका गाठायचा, दुय्यम न्यायालयांची दप्तरे उघडायची, निकाल वाचायचे, चूक दिसल्यास दुरुस्त करायची आणि वर्षअखेरीस सरकारला अहवाल पाठवायचा. रमाबाईही या प्रवासांत सोबत असत, व मुक्कामाच्या गावी स्त्रियांच्या सभा आणि मुलींच्या शाळा पाहत. अधू दृष्टीचा हा विद्वान कर्जरोख्यांची दप्तरे तपासत खेडोपाडी हिंडत होता, हे चित्र त्यांच्या पुतळ्यांत कोठेही दिसत नाही.

याच सुमारास, १८८६ मध्ये, सरकारी खर्चाची छाननी करून काटकसर सुचविण्यासाठी नेमलेल्या वित्त समितीवर त्यांची नियुक्ती झाली. सरकारचा पैसा कोठे जातो हे वरून पाहण्याची आणि तो रयतेपर्यंत कसा पोचतो किंवा पोचत नाही हे खालून पाहण्याची संधी एकाच माणसाला मिळाली, हा दुर्मीळ योग होय. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर त्यांनी जे व्याख्यान दिले, त्यात परदेशी सिद्धान्त येथील परिस्थितीला जसेच्या तसे लावू नयेत असे प्रतिपादन होते. त्यामागे केवळ पुस्तकी विद्वत्ता नव्हती. तालुक्याच्या कचेरीत पाहिलेला अनुभवही त्यामागे असला पाहिजे.

मग या कायद्याने शेतकऱ्याचे दुःख संपले काय? प्रामाणिक उत्तर नाही असेच द्यावे लागेल. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घेण्यास सुरुवात केली आणि पतपुरवठा आखडता घेतला. न्याय जवळ आला तरी भांडवल जवळ आले नव्हते. रानड्यांना हे कळत होते. म्हणूनच विल्यम वेडरबर्न यांच्यासमवेत त्यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँकेचा प्रयोग करावा या योजनेला पाठिंबा दिला. ती योजना विलायतेतून नामंजूर झाली. सुधारणेचा एक पाय उचलला आणि दुसरा जमिनीतच अडकून राहिला. तरीही न्यायालय रयतेच्या बाजूला सरकवता येते, हे त्या चार जिल्ह्यांत सिद्ध झाले.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या अकाली निधनानंतर रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. ज्या वर्षी ते पुण्यात रुजू झाले त्याच वर्षी पाया घातलेल्या इमारतीत ते आता बसले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

आता आजच्या आकड्यांकडे वळू. न्यायालयांच्या इमारती व निवासस्थाने यांसाठी केंद्र सरकारची सहायक योजना १९९३-९४ पासून चालू आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठी तिचा आकार ९,००० कोटी रुपयांचा ठरला. खर्चाचा भार केंद्र व बहुतेक राज्ये यांच्यात ६० आणि ४० या प्रमाणात विभागलेला आहे. ई-न्यायालय प्रकल्पाचा दुसरा टप्पा १,६७० कोटींचा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेला तिसरा टप्पा चार वर्षांसाठी ७,२१० कोटींचा आहे आणि त्यातील दोन हजार कोटींहून अधिक रक्कम केवळ जुनी कागदपत्रे संगणकात उतरविण्यासाठी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले. वांद्रे येथे उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. या खर्चाला विरोध करण्याचे कारण नाही. गळक्या छपराखाली दप्तरे कुजत असतील तर न्यायही कुजतो. कोल्हापूरच्या पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला, ही तर रानड्यांच्या विचारांशी सुसंगतच गोष्ट आहे.

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक शंका आल्यावाचून राहत नाही. भांडवली खर्च डोळ्यांना दिसतो. त्याची कोनशिला बसते, समारंभ होतो, छायाचित्र निघते. त्यामागून दर वर्षी करावा लागणारा खर्च, म्हणजे न्यायाधीशांच्या रिक्त जागा भरणे, लेखनिक नेमणे, यंत्रे दुरुस्त ठेवणे, समन्स वेळेवर बजावणे, हा खर्च दिसत नाही. म्हणून तो मागे पडतो. २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्याचे उदाहरण बोलके आहे. न्यायाधीशाने स्वतः गावोगाव फिरून काम चालवावे, अशी त्यात तरतूद आहे. कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. पण पंधरा वर्षांनंतरही देशभरात अधिसूचित झालेल्या ग्राम न्यायालयांची संख्या पाचशेच्या आतच होती. ९,००० कोटींच्या योजनेत या न्यायालयांसाठी ठेवलेली रक्कम अवघी ५० कोटींची होती. फिरत्या न्यायाधीशाच्या वाट्याला शंभर रुपयांतील एक रुपयाही आला नाही.

माझे गाव नाकाडोंगरी. तुमसर तालुक्याच्या उत्तरेकडील, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे हे गाव. आसपास जंगल, धानाची बांधी, आणि डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी. हा मुलूख रानड्यांच्या मुंबई इलाख्यात नव्हता. तो मध्य प्रांतात होता आणि १९५६ नंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत आला. आमच्या शेतकऱ्याची पायरी आजही ठरलेली आहे: तुमसर, भंडारा, नागपूर. वाटणीचा किंवा बांधाचा दावा असलेला मनुष्य रोवणीच्या दिवसांत तारखेला जातो, तारीख पुढे ढकलली गेल्याचे ऐकतो आणि एका दिवसाची मजुरी गमावून परततो. पुढची तारीख त्याला आता भ्रमणध्वनीवर कळू शकते, ही सोय खरीच. पण त्या तारखेला काम होईल की नाही, हे त्याला आजही घरून निघताना माहीत नसते.

म्हणून न्यायालयावरील प्रत्येक मोठ्या खर्चाला तीन साधे प्रश्न विचारले जावेत. या खर्चाने पक्षकाराचे किती हेलपाटे वाचले? एकतर्फी निकालांचे प्रमाण किती घटले? आणि वरिष्ठ न्यायाधीश तालुक्याचे दप्तर प्रत्यक्ष उघडून वर्षातून किती वेळा पाहतात? या तिन्हींची उत्तरे जिल्हावार प्रसिद्ध करण्यास फारसे भांडवल लागत नाही; संगणकावर ती माहिती बहुतांशी आधीच आहे. दूरदृश्य यंत्रणेची एक खोली नाकाडोंगरीसारख्या गावी ग्रामपंचायतीजवळ असावी, साक्षीदाराने तेथूनच साक्ष द्यावी, आणि ठरावीक दिवशी न्यायाधीशाने स्वतः तेथे येऊन बसावे, ही मागणी अवास्तव नाही. तिला लागणारा पैसा एखाद्या मोठ्या संकुलाच्या खर्चापुढे नगण्य ठरेल.

रानड्यांनी आयुष्याची अखेरची सात वर्षे त्या देखण्या दगडी वास्तूत न्यायदान केले. परंतु तेथवर पोचण्याआधी त्यांनी दख्खनचे तालुके पालथे घातले होते, आणि न्यायाच्या घराचा उंबरठा गरिबाला किती उंच पडतो हे पाहिले होते. इमारती अवश्य बांधाव्यात. पण तो उंबरठा उतरविण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधी लिहावा. त्यांच्या पुण्यतिथीला हार घालणाऱ्या शासनाकडून एवढी अपेक्षा बाळगणे गैर नव्हे.