मेरी स्लेसरबाई

धर्मोपदेशाचें कार्य आणि सरकारी वकिलात हीं दोन्ही एकाच स्त्रीच्या हातीं आल्याचीं उदाहरणें थोडीं. त्यांपैकीं एका बाईंची हकीकत आम्ही येथें देत आहोंत.

मेरी स्लेसरचा जन्म २ डिसेंबर १८४८ रोजीं स्कॉटलंडमधील आबर्डीन शहरीं झाला. बाप जोडे शिवणारा, पण दारूच्या आहारीं गेलेला. पुढें कुटुंब डंडी येथें आलें तरी व्यसन सुटलें नाहीं; संसाराचा गाडा आईनें विणकाम करून ओढला. अकराव्या वर्षीं मेरीहि गिरणींत जाऊं लागली: अर्धा दिवस काम, अर्धा दिवस शाळा. पुढें पुरा दिवस मागावर उभें राहावें लागलें, तेव्हां मागावरच पुस्तक टेकवून ती वाचीत असे. अभ्यासास वेळ मिळत नाहीं असें म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधूंना हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूची वार्ता १८७४ सालीं आली आणि आफ्रिकेंत जाण्याचा तिचा निश्चय झाला. ५ ऑगस्ट १८७६ रोजीं ती निघाली व हल्लींच्या नायजेरियांतील कालाबार येथें पोंचली. तेथील एफिक भाषा तिनें थोडक्याच काळांत आत्मसात केली.

त्या मुलुखांत जुळीं मुलें म्हणजे घोर अपशकुन. दोघांपैकीं एकाचा बाप भूत असतो, आणि तें मूल कोणतें हें कळत नाहीं, म्हणून दोघांनाहि मारीत किंवा रानांत टाकीत, व आईला हांकून देत. बाईंनीं अशीं मुलें आपल्या झोंपडींत आणलीं. पुष्कळ वांचलीं नाहींत. जीं वांचलीं त्यांतील जेनी ही त्यांची लेकच झाली.

१८८८ मध्यें बाई ओकोयोंग प्रांतांत एकट्या जाऊन राहिल्या. तेथें एकेंगे गांवचा मुख्य एडेम याचा तरुण मुलगा एटिम घर बांधतांना ओंडका लागून जखमी झाला व कांहीं दिवसांनीं मरण पावला. हें कोणाचें तरी चेटूक असें ठरून शेजारच्या गांवचीं माणसें, बायकापोरांसह, धरून आणण्यांत आलीं. त्यांनीं एसेरे नांवाच्या विषारी बिया खाऊन आपला निर्दोषपणा सिद्ध करावा, असा तेथील न्याय! (याच बियांतील द्रव्य काचबिंदूवर औषध म्हणून वापरलें गेलें, हें शास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.) बाईंनीं नुसता वाद घातला नाहीं. मृताचा मान राहावा ही बापाची तळमळ त्यांनीं ओळखली, आणि प्रेतास उंची वस्त्रें नेसवून वर छत्री धरविली व पुढें आरसा ठेवला. तो थाट पाहून मंडळी नाचूं लागली. बाई मात्र रात्रंदिवस कैद्यांपाशीं पहाऱ्यास बसल्या. एडेमची बहीण मा एमे गुप्तपणें त्यांस साह्य करी. अखेर कैदी सुटले आणि दफनाच्या वेळीं केवळ एक गाय बळी गेली. भाषेइतकेंच लोकांचें मन जाणणें ही खरी वकिली, असें आम्हांस वाटतें.

सरकारनेंहि तें ओळखलें असावें. १८९२ मध्यें त्या ओकोयोंगच्या व्हाइस-कॉन्सल झाल्या. पुढें १९०५ सालीं इकोट ओबोंग येथील न्यायसभेचें उपाध्यक्षपदहि त्यांजकडे आलें. जमिनीचे, कर्जाचे, नवराबायकोचे तंटे त्या ऐकत, आणि विधवा व टाकलेल्या बायका यांची बाजू सहसा खालीं पडूं देत नसत. हा अधिकार परक्या राज्याचा होता, त्याच्यामागें बंदुका होत्या, हें विसरून चालणार नाहीं. तरी एक विलक्षण गोष्ट पाहा. ज्या स्त्रीला न्याय देण्याची मुभा होती, तिला बाप्तिस्मा देण्याची नव्हती. त्यासाठीं दीक्षित पाळकाची वाट पाहावी लागे. स्कॉटलंडच्या मंडळीनें स्त्रियांना पाळकपद खुलें केलें तें १९६८ सालीं.

एका मिशनशिक्षकाशीं त्यांचें लग्न ठरलें होतें. प्रकृतीच्या कारणानें त्याला ओकोयोंगला पाठविण्यास मंडळ कबूल होईना, आणि बाई तो प्रांत सोडीनात. लग्न राहिलें.

तापानें त्यांना जन्मभर पछाडलें. शेवटीं चालवेना, तेव्हां हातगाडींत बसून त्या खेडोपाडीं जात. १३ जानेवारी १९१५ रोजीं उसे येथें त्यांनीं देह ठेवला. प्रेत नदीच्या मार्गानें कालाबारला आणण्यांत आलें. सरकारी कचेऱ्यांवरचीं निशाणें अर्ध्यावर उतरलीं होतीं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लोक उभे होते.