उमर सोबानी: देणगीच्या यादीत पहिलं नाव, इतिहासात मात्र गायब

निवडणूक आली की अकोला-अमरावतीत चहाच्या टपरीवर एक चर्चा ठरलेली असते. यंदा अमुक पक्षाला पैसा कोण पुरवतंय? कोणत्या शेठचा हात कोणाच्या डोक्यावर आहे? नावं कुजबुजत घेतली जातात, आकडे हवेत फिरतात आणि खरं काय ते कोणालाच कळत नाही. आपल्या मोहल्ल्यांत याच चर्चेला आणखी एक वाक्य जोडलं जातं. आपल्या लोकांनी कधी कोणत्या चळवळीला पैसा दिला, आपलं नाव आहेच कुठे?

नाव आहे. ते मुंबईच्या मरहूम उमर सोबानी यांचं. कापसाचे व्यापारी आणि गिरणीमालक. काँग्रेसच्या मागे खिसा रिकामा करून उभे राहिलेले शेठ.

आम्हा वऱ्हाडच्या माणसांना ते परके वाटायला नकोत. 1870 साली खामगावपर्यंत रेल्वेची शाखा आली, पुढच्या वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. हे सगळं झालं ते कापसासाठीच. शेतातल्या पऱ्हाटीवरचा कापूस बैलगाडीतून बाजारात, तिथून जिनात, मग दाबलेल्या गाठी रेल्वेने मुंबईला. इथला शेतकरी, अडत्या, दलाल आणि मुंबईचा गिरणीमालक एकाच दोरीला बांधलेले होते. मुंबईत भाव हलला की अकोल्याच्या बाजारात त्याच दिवशी कळायचं. उमर शेठचं अख्खं आयुष्य त्याच कापसात गेलं. कमावलं त्यात आणि गमावलंही त्यातच.

हाजी युसूफ सोबानी यांचे ते चिरंजीव. घरात पैसा होता, मुंबईच्या परळ भागात एल्फिन्स्टन मिल होती. अशा घरातली तरुण मुलं तेव्हा गव्हर्नरच्या पार्टीत दिसायची, खानबहादूर होण्याची वाट बघायची. उमर मात्र अॅनी बेझंट यांच्या होमरूल लीगच्या मुंबईतल्या कामात पडले. सोबत शंकरलाल बँकर आणि जमनादास द्वारकादास. 1917 च्या जूनमध्ये सरकारने बेझंटबाईंना नजरकैदेत टाकलं तेव्हा मुंबईत लीगचा जोर उलट वाढला. बॅरिस्टर जिना लीगमध्ये आले ते याच वेळी.

उमर शेठची कामाची रीत वेगळी होती. सभेत भाषण ठोकणं त्यांना फारसं आवडत नसे. सभा कुठे घ्यायची, कोणाला बोलवायचं, खर्च कोण करणार, छापखाना कुठून मिळणार, हे सगळं ते बघायचे. नाटक चालतं ते पडद्यामागच्या माणसावर, तसं. पडद्यामागे राहणाऱ्याचं नाव पुढे कोणी घेत नाही, हेही खरंच.

फेब्रुवारी 1919 मध्ये रौलट कायद्याविरुद्ध काय करायचं हे ठरवायला साबरमती आश्रमात एक छोटी बैठक झाली. वल्लभभाई, सरोजिनीबाई, हॉर्निमन, बँकर, अनसूयाबेन आणि उमर सोबानी. अशी मोजकी माणसं. सत्याग्रहाची प्रतिज्ञा तिथे ठरली. एप्रिलमध्ये सरकारने हॉर्निमन यांना उचलून विलायतेला पाठवलं, त्यांचं बॉम्बे क्रॉनिकल अडचणीत आलं. क्रॉनिकलचा कारभार बघणाऱ्यांत उमर शेठ आणि बँकर होते, आणि यंग इंडिया हे पत्रही त्यांच्याच हातात होतं. ते त्यांनी गांधीजींकडे दिलं. पुढे ज्या यंग इंडियाचं नाव जगभर झालं, ते गांधीजींच्या हाती सोपवणाऱ्यांत एक मुसलमान गिरणीमालक होता, हे आपल्या मुलांना कोणत्या धड्यात भेटतं?

डिसेंबर 1920 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला भरलं. असहकार पक्का झाला आणि चार आण्यांत कोणीही काँग्रेसचा सभासद होऊ लागला. मग मार्च 1921 मध्ये बेजवाड्याच्या बैठकीत ठरलं की 30 जूनपर्यंत टिळक स्वराज्य फंडात एक कोटी रुपये जमवायचे. त्या काळचे एक कोटी! लोक हसले. पण फंड जमला. त्यातले सुमारे साडेसदतीस लाख एकट्या मुंबईने दिले. तिथल्या धावपळीत उमर शेठ पुढे होते. त्यांनी गांधीजींपुढे कोरा चेक ठेवल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. ती कथा म्हणूनच घ्यावी. पण अशी कथा एखाद्याच्याच नावाला चिकटते, त्यामागे त्या माणसाची ख्याती असते.

त्या फंडात देणारे उघड होते. गोदरेज शेठने तीन लाख दिले ते सगळ्यांना माहीत होतं, कारण गांधीजी देणगीदारांची नावं छापून कळवत. सरकारच्या डोळ्यांदेखत बंडखोर पक्षाला पैसा द्यायचा आणि नाव छापू द्यायचं. धंदा असलेल्या माणसासाठी हे सोपं नव्हतं. परवाना, रेल्वेचे डबे, बँकेचं कर्ज, सगळीकडे सरकारचा हात. आता बघा, 2018 पासून आपल्या देशात निवडणूक रोखे आले. 16 हजार कोटी रुपयांहून जास्त रकमेचे रोखे विकले गेले आणि देणारा कोण ते मतदाराला कळायचं नाही. 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने ती योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे याद्या बाहेर आल्या. शंभर वर्षांपूर्वी गुलाम देशात जे उघड होतं ते स्वतंत्र देशात लपवावं लागलं.

उमर शेठचं आणखी एक वेगळेपण आहे, आणि आमच्या मते तेच सगळ्यात मोठं. त्यांनी पैसा दिला तो स्वतःच्या धंद्याविरुद्ध जाणाऱ्या चळवळीला. खादी म्हणजे हातमाग, चरखा. गिरणीमालकांना ते कसं पटणार? त्यांची टीका सुरू झाली तेव्हा उमर शेठने ती लपवली नाही. गांधीजींना स्वतःचं ज्ञान दिलं, बाकी मालक काय म्हणतात तेही कळवत राहिले. एका मालकाचं म्हणणं त्यांना बिनतोड वाटलं, तर त्यांनी आग्रह धरून दोघांची भेट घडवली. तो मालक म्हणाला की स्वदेशीची लाट आली की आम्ही गिरणीवाले कापडाचे भाव वाढवतो, तेव्हा आणखी गिरण्या काढा. गांधीजींनी चरखाच धरून ठेवला. ही हकीकत गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. देणगी देणारा शेठ पक्षाचं धोरण आपल्या बाजूला वळवतो, असा आपला अनुभव. इथे शेठने विरोधी बाजू पुढे ठेवली, निर्णय नेत्यावर सोडला आणि तरी पैसा चालू ठेवला.

31 जुलै 1921, लोकमान्य टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीची आदली संध्याकाळ. परदेशी कापडाची होळी करायची होती आणि जागा हवी होती. उमर शेठने परळच्या आपल्या गिरणीचं आवार दिलं. ढीग पेटला आणि सरकारला जागेचा मालक विचारत बसावं लागलं नाही.

त्याच काळात मुंबईत दुसरे एक मोठे शेठ होते, लाकडाचे व्यापारी मियां मोहम्मद छोटाणी. केंद्रीय खिलाफत कमिटीचे अध्यक्ष. आपल्या बाया-बापड्यांनी दागिने काढून दिलेला खिलाफतीचा पैसा त्यांच्या धंद्यात अडकला. लाखो रुपयांचा घोळ झाला आणि चळवळीची अब्रू गेली. हे आपणच आपल्याला सांगितलेलं बरं. देणारा दिलदार असला तरी फंडाची चावी त्याच्या तिजोरीत असू नये.

उमर शेठचं मात्र स्वतःचंच सगळं गेलं. कापसाच्या व्यवहारात ते बुडाले. सांगणारे सांगतात की काँग्रेसला पैसा देतो म्हणून इंग्रजांनी मुद्दाम स्वस्त कापूस बाजारात ओतून त्यांना खलास केलं, आणि कोट्यवधींचा आकडाही सांगतात. आपल्याला ही गोष्ट आवडते, शहादतीसारखी वाटते. गांधीजींनी मृत्युलेखात लिहिलेलं कारण साधं आहे. शेठ सट्टा खेळायचे, भरपूर कमवायचे, भरपूर गमवायचे, आणि एकदा फार पुढे गेले. कापसाचा वायदा काय करतो हे अकोल्याच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. इथेही वाड्यांच्या वाडे एका हंगामात गहाण पडलेले आहेत.

पैसा गेल्यावर उमर शेठ सार्वजनिक कामातून बाजूला झाले. वर्गणीच्या यादीत पहिलं नाव आपलं नसेल तर पुढे उभं राहायचं नाही, असा त्यांचा स्वाभिमान होता. आम्हाला याचं वाईट वाटतं. ज्याने चळवळीचा पडदा सांभाळला, छापखाना दिला, गिरणीमालकांचं खरं मत नेत्यापर्यंत नेलं, त्याची किंमत त्याच्या पाकिटावर का ठरावी? त्याची अक्कल तर बुडाली नव्हती. पण शेठला स्वतःलाच तसं वाटलं असावं आणि आजूबाजूच्यांनीही हात धरून परत आणलं नाही.

6 जुलै 1926 रोजी उमर सोबानी यांचा इंतकाल झाला. वय चाळिशीच्या आतच होतं. गांधीजींनी यंग इंडियात त्यांच्यावर लिहिलं, त्याच पत्रात जे कधीकाळी उमर शेठने त्यांच्या हाती दिलं होतं. एल्फिन्स्टन मिल पुढे सरकारी महामंडळाकडे गेली, नंतर विकली गेली.